वेदना उतरली, विष उतरले काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चिखली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दोन महिन्यांपूर्वी मंडळाचे चिटणीस आमच्या घरी आले आणि संमेलनात चार शब्द बोलावेत अशी त्यांनी आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनी सोबतच आणला होता. 'संस्कारांचे महत्त्व' असा तो विषय. निवृत्त शिक्षकास दुसरा विषय कोण देणार? परंतु या व्यासपीठावरून संस्कारांवर आजवर इतके बोलून झाले आहे की आमच्या वाट्यास नवे काही उरलेले नाही, असे आम्ही त्यांस नम्रपणे सांगितले आणि विंचवावर बोलण्याची परवानगी मागितली. ते हसले. पुढे आमचे म्हणणे पुरते ऐकल्यावर मात्र हसले नाहीत.

आम्ही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि वर शिक्षकाची पदविका, एवढीच आमची शिदोरी. सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांतून गेली. आमच्या पुतण्याची मुलगी अमरावतीस औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिच्याजवळ बसून, तिला पुनःपुन्हा विचारून, जे आमच्या पाटीवर उतरले तेच आपणांपुढे मांडणार आहोत. या वयात नातीपुढे पाटी घेऊन बसण्यात एक वेगळाच आनंद असतो. असो.

प्रथम एक घडलेली हकीकत. सन १९७९. नोकरीस लागून आम्हांस पुरती तीन वर्षे झालेली नव्हती. घाटावरील एका लहानशा खेड्यात द्विशिक्षकी शाळा होती. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. मृग लागून गेला होता. इयत्ता चौथीतील एक मुलगा शाळा सुटल्यावर चुलीसाठी पऱ्हाट्या ओढीत होता. ढिगाच्या बुडाशी हात घातला आणि बोटास विंचवाने नांगी मारली. (आपण सारे 'विंचू चावला' म्हणतो, वस्तुतः तो चावत नाही, पण भाषेची ही चूक दुरुस्त करीत बसण्यात अर्थ नाही.) मुलाच्या किंकाळीने अर्धे गाव जमले. विंचू मारून खापरावर ठेवला होता: तांबूस, अंगठ्याएवढा, अगदी क्षुल्लक दिसणारा. मोठी काळी इंगळी नव्हे म्हणून लोकांस हायसे वाटले. आम्हांसही वाटले.

पारावर मंत्र जाणणारे गृहस्थ बोलावले गेले. ते सज्जन होते, एक पैसा घेत नसत. त्यांच्याविषयी आमच्या मनात आजही आदर आहे. त्यांनी मुलाचा हात हाती घेतला, ओठांतल्या ओठांत पुटपुटत खांद्यापासून खाली हात फिरविण्यास आरंभ केला. "कोठे आहे रे कळ?" "खांद्यात." थोड्या वेळाने, "आता?" "कोपरात." पुन्हा, "आता?" "मनगटात." अर्ध्या पाऊण तासात कळ बोटापर्यंत उतरली. मुलाचे रडणे थांबले. त्याचा सदरा घामाने पिळून काढावा इतका भिजला होता. विष घामावाटे निघते आहे, असे जाणती माणसे म्हणाली. एक ओकारी झाली, तीही विष पडल्याची खूण समजली गेली. मुलगा आमच्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, आता दुखत नाही."

गाडी जुंपून तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे काय, अशी चर्चा चालली होती. त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले. साऱ्या गावात शिकलेले म्हणून आम्हीच. आम्ही म्हणालो, "आता कशाला? उतरला आहे. पावसापाण्याची रात्र आहे, झोपू द्या त्याला."

मध्यरात्रीनंतर त्याचे हातपाय बर्फासारखे गार पडले. त्यास श्वास पुरेना, पडवेना, उठून बसे. तोंडास गुलाबी फेस आला. पहाटेपूर्वी सारे आटोपले.

विष फार जहाल होते, मुलाची वेळ भरली होती, असे लोक म्हणाले. आम्हीही पुष्कळ वर्षे तीच समजूत घालून घेतली. ती समजूत खरी नव्हती, हे कळण्यास काही काळ जावा लागला. आणि ती का खरी नव्हती हे नीट समजण्यास तर आमची निवृत्ती उजाडली. वेदना म्हणजे काय, ती कोणत्या दाराने येते व कोणत्या दाराने जाते, हे ठाऊक असल्यावाचून त्या रात्रीचा अर्थ लागत नाही. म्हणून थोडे शास्त्र ऐकावे, अशी विनंती आहे.

शेतास पाणी देताना आपण काय करतो? पाटाचे पाणी चढाच्या अंगाने तुंबून उभे असते, वाफा कोरडा असतो. मातीचे दार फोडले की पाणी वाफ्यात धावते. वाफा भरला की दार बुजवून पुढचे फोडावयाचे. आपल्या शरीरातील मज्जातंतूंत निरोप जातो तो काहीसा असाच जातो. आपले रक्त खारट आहे; मज्जातंतूच्या बाहेर मिठातील सोडियमचे कण दाटलेले असतात, आत पोटॅशियमचे. हे कण विद्युत्भारित असतात. त्यांस शास्त्रात आयन म्हणतात. तंतूच्या कातडीत या कणांना आतबाहेर करण्यासाठी अतिसूक्ष्म दारे असतात. सोडियमचे वेगळे, पोटॅशियमचे वेगळे, कॅल्शियमचे वेगळे. यांस आयन-वाहिनी असे नाव आहे; आम्ही सोयीसाठी दारच म्हणू. सोडियमचे दार उघडले की कण आत धावतात, त्या धक्क्याने शेजारचे दार उघडते, मग त्याच्या पुढचे. असे उघडत उघडत निरोप बोटापासून मेंदूपर्यंत पोहोचतो. परंतु खरे कौशल्य उघडण्यात नाही, मिटण्यात आहे. उघडलेले दार सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास आपोआप मिटते, पोटॅशियमचे दार उघडून तोल पूर्ववत होतो, आणि तंतू पुढच्या निरोपास मोकळा होतो.

हे ज्ञान कोठून आले? समुद्रातील माकूळ नावाच्या प्राण्याच्या एका जाड मज्जातंतूवर हॉजकिन आणि हक्सली या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोग केले व सन १९५२ मध्ये या येरझारीचे गणित मांडले. १९६३ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जर्मनीत नेहेर व साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका दारातून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजून दाखविला. त्यांस तेच पारितोषिक १९९१ मध्ये मिळाले. एका दाराचा प्रवाह मोजणे म्हणजे काय, याचा विचार करता आम्हांस तर झोप येत नाही.

आता भाषेचा शिक्षक म्हणून थोडे विषयांतर करू द्यावे. दुखण्याला आपल्या मराठीने किती शब्द दिले आहेत पाहा. फोडाचा ठणका, पोटातली कळ, पाठीतली चमक, दाढेची सणक, मांड्यांतली रग, जखमेची चुरचुर, डोळ्यांची आग. एकाच्या जागी दुसरा शब्द आपण घालीत नाही. निरक्षर बाईसुद्धा डॉक्टरांपुढे नेमका शब्द वापरते. मिरचीच्या हंगामात भोकरदनकडील शेतांतून मिरच्या तोडणाऱ्या बायांचे हात पेटतात. हातास फोड नसतो, भाजलेले नसते, तरी शब्द 'आग' हाच. आम्ही समजत असू की हा केवळ अलंकार आहे. तो अलंकार नव्हे. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीतील तिखट द्रव्य तंतूच्या कोणत्या दारावर बसते ते शोधले, आणि असे आढळले की तेच दार सुमारे ४३ अंशांवरील उष्णतेनेही उघडते. विस्तव आणि मिरची एकाच दाराने आत येतात! मेंदूस कळते ते इतकेच, की आगीचे दार उघडले. पुदिन्यातील सत्त्वाचे तसेच: थंडीचे दार आणि त्याचे दार एकच आहे, म्हणून पुदिना 'गार' लागतो. ज्युलियस यांस २०२१ मध्ये नोबेल मिळाले. आमच्या आजीने बोट पोळले तरी आणि मिरची झोंबली तरी एकच शब्द वापरला, तिला कोणी काही दिले नाही. जाता जाता भगिनींसाठी: मिरचीचे ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते, म्हणून हात नुसत्या पाण्याने धुण्यापूर्वी त्यांस तेल चोळावे.

आता विंचू. तो तांबडा विंचू आपल्या देशाचाच आहे. शास्त्रात त्याचे नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. धाब्याच्या घरांत, दगडांच्या गडग्यांत, कुटाराच्या ढिगाखाली, पऱ्हाट्या-तुराट्यांच्या बुडाशी त्याचा वास असतो. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण नेहमी वापरतो. मादी आपली पिले खरोखरच पाठीवर वागविते. या विंचवाच्या विषातील मुख्य द्रव्ये काय करतात? ती सोडियमचे दार फोडीत नाहीत. ती उघडलेल्या दारात धोंडा घालतात, म्हणजे ते वेळेवर मिटत नाही. पाटाचे दार बुजविता आले नाही तर वाफा फुटून सारे शेत वाहून जाते. तसेच येथे: एका निरोपाच्या जागी निरोपांची झड लागते. बोटातील तंतूंत हे झाले म्हणजे ती विंचवाची प्रसिद्ध कळ.

परंतु दारे केवळ वेदनेच्या तंतूंत नसतात. भय वाटले असता हृदय धडधडविणारे, घाम आणणारे, रक्तवाहिन्या आवळणारे जे तंतू आहेत, त्यांतही तीच दारे असतात. विष रक्तातून तेथे पोहोचले की त्यांतही धोंडा बसतो. मग शरीरात ॲड्रेनलिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो. ओकारी, दरदरून घाम, तोंडास लाळ, हातपाय गार. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकते, आणि फुप्फुसांत पाणी भरते. या सर्व प्रकारात बोट दुखलेच पाहिजे असे काही नाही. विंचूदंशाच्या ज्या पायऱ्या डॉक्टर मोजतात, त्यांतील पहिली व सौम्य पायरी म्हणजे ज्यात जागेवर तीव्र वेदना असते आणि इतर काही नसते. म्हणजे जो रडतो आहे त्यापेक्षा जो गप्प झाला आहे आणि घामाने भिजला आहे, त्याची काळजी अधिक. त्या रात्री आम्ही नेमके उलटे वाचले होते.

आता कोणी विचारील, मग मंत्राने कळ उतरली ती कशी? ती उतरली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि मुलगा खोटे बोलत नव्हता. काही अंशी विंचवाची वेदना आपोआपच ओसरते. परंतु तेवढेच नाही. सन १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूजेस व कॉस्टरलिट्झ यांनी शोधून काढले की अफूसारखी वेदना शमविणारी द्रव्ये मेंदू स्वतःच तयार करतो. ही द्रव्ये तंतूच्या टोकाशी कॅल्शियमचे दार बंद करतात व पोटॅशियमचे उघडतात, म्हणजे निरोप पुढे जात नाही. आणि १९७८ मध्ये अमेरिकेतील तिघा शास्त्रज्ञांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध म्हणून नुसते नाममात्र काही दिले असता ज्यांची वेदना कमी झाली, त्यांस अफूचा गुण मारणारे औषध देताच वेदना पुन्हा वाढली. म्हणजे विश्वासाने कमी झालेली वेदना काल्पनिक नव्हे. विश्वासाने शरीरातील खरी दारे लागतात. पारावरच्या त्या सज्जनाचा हात, त्यांचा धीराचा स्वर, भोवती जमलेले गाव, यांनी त्या लेकराची कळ खरोखर कमी झाली असणे शक्य आहे, असेच आम्ही आज मानतो. पण ती दारे दुखण्याच्या वाटेवरील होती. हृदयाच्या वाटेवरील दारांत घातलेला धोंडा जागचा हललेला नव्हता.

ज्या सुमारास आमच्या गावी हे घडले, त्याच सुमारास दूर कोकणात एक तरुण डॉक्टर याच प्रश्नापुढे उभा होता. हे डॉक्टर म्हणजे हिंमतराव बावस्कर. जन्म आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातला, परिस्थिती गरिबीची, वैद्यकीचे शिक्षण नागपूरला. १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची नेमणूक झाली. कोकणात तांबडा विंचू भारी. मुले डोळ्यांदेखत जात. त्या काळी अशा रुग्णांस जी औषधे देत, त्यांचा उपयोग होत नसे. या गृहस्थाने काय केले? तो रुग्णाच्या उशाशी बसला. नाडी, रक्तदाब, घाम, ओकारी, हातापायांचा गारवा, यांची तासातासाची नोंद ठेवली, आणि मरण येण्यापूर्वी कोणत्या खुणा दिसतात ते लिहून काढले. हा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने १९८२ मध्ये छापला. मग विचार केला: विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तर त्या सैल करणारे औषध का देऊ नये? प्रॅझोसिन नावाची रक्तदाबावरील एक साधी, स्वस्त गोळी होती. ती देऊन पाहिली. १९८६ मध्ये तोही लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरांत तीसपर्यंत दगावत. हे औषध वेळेवर मिळू लागल्यावर ते प्रमाण शंभरांत एकाच्याही खाली आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनीबाई याही या कामात सहभागी. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष व प्रॅझोसिन एकत्र देऊन पाहिले गेले. ७० रुग्णांवरील ती चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२, आणि नुसते प्रॅझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. सरकारने २०२२ मध्ये डॉक्टरांस पद्मश्री दिली. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मचरित्र आहे. मंडळाच्या वसतिगृहातील मुलांच्या हाती ते पडावे, अशी आमची चिटणीसांस सूचना आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रॅझोसिन मज्जातंतूच्या दारातील धोंडा काढीत नाही. पूर जेथे जाऊन घर पाडतो, तेथे ते बांध घालते. वेदनेवर त्याचा उपाय नव्हे. वेदनेसाठी डंखाच्या जागी लिग्नोकेन टोचतात, ज्यास आपण दाताच्या दवाखान्यात झायलोकेन म्हणून ओळखतो. ते औषध सोडियमच्या दारात आतून बूच मारते. म्हणजे विंचवाने दार उघडे ठेवावे आणि लिग्नोकेनने ते बंद करावे. एकाच दाराचे वैरी आणि राखणदार.

यातूनच वेदनाशमनाचे सध्याचे संशोधन निघाले आहे. ज्या जीवाने दारावर इतका अचूक नेम धरला, त्याच्या विषाचा किल्ली म्हणून उपयोग करावा, अशी ही युक्ती. आपल्या याच तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचे द्रव्य वेगळे काढले गेले. ते पोटॅशियमचे एक विशिष्ट दार बंद करते, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते दार ओळखण्यासाठी वापरले जाते. ज्यास आपण चपलेने मारतो, त्याच्या विषाचा एक कण परदेशी शास्त्रज्ञ जपून शीतकपाटात ठेवतात. एका समुद्री गोगलगाईच्या विषावरून बनविलेले औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते कॅल्शियमचे दार बंद करते, मात्र कण्यातील द्रवात सोडावे लागते. ॲरिझोनाच्या वाळवंटात एक उंदीर तेथील विषारी विंचू खुशाल खातो. २०१३ मध्ये कळले की त्याच्या शरीरातील सोडियमच्या एका दाराची घडण निराळी आहे. विंचवाचे विष तेथे जाऊन दार उघडण्याऐवजी बंद करते. विषच त्यास वेदनाशामक होते!

मग सर्व दारे बंद करून वेदनाच नाहीशी का करू नये? याचे उत्तर उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांनी दिले. तेथे एक दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. हातातून सुरी आरपार घाली, निखाऱ्यांवर चाले. त्यास जन्मापासून वेदना ठाऊक नव्हती. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या नात्यागोत्यातील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोडियमची एकूण नऊ प्रकारची दारे आहेत. त्यांपैकी सातव्या क्रमांकाचे दार या मुलांत निकामी होते. बाकी सारे ठीक. परंतु दात आल्यावर त्यांनी स्वतःच्या जिभा व ओठ चावून तोडले होते, मोडलेल्या हाडांवर चालले होते. तो खेळ करणारा मुलगा घराच्या छतावरून उडी मारून चौदावे वर्ष लागण्यापूर्वीच मरण पावला. उलट, याच दारात वेगळा बिघाड असलेली चीनमधील माणसे २००४ मध्ये आढळली होती. त्यांच्या पायांची नुसत्या उबेने आग आग होते. एकच दार, कोणाचे उघडत नाही तर कोणाचे उगीचच उघडते.

म्हणून औषधे शोधणाऱ्यांचे काम फार नाजूक आहे. नऊ दारे एकमेकांसारखी. एक हृदयाचे, काही मेंदूची. चुकून भलते दार लागले तर माणूस जावयाचा. सातवे दार बंद करणारी कित्येक औषधे प्रयोगात फसली. मिरचीचे दार बंद करून पाहिले तर काहींस ताप चढला आणि गरम वस्तूचा चटका कळेनासा झाला. अखेर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजीन नावाची गोळी मंजूर झाली. ती आठवे दार बंद करते. हे दार मुख्यतः अंगभरच्या वेदनातंतूंत असते, मेंदूत नव्हे, म्हणून अफूच्या औषधांसारखी तिची चटक लागणार नाही, अशी तिच्यामागची कल्पना. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर ती उपयोगी ठरली, तथापि अफूवर्गातील औषधाच्या मिश्रगोळीहून सरस ठरली नाही. आमच्या मते वर्तमानपत्रांनी तिचा गाजावाजा जरा अधिक केला. पण एक दार निवडून लावता येते हे सिद्ध झाले, ही गोष्ट लहान नव्हे. गंमत अशी की वाळवंटातील त्या उंदराचे दारही आठवेच. गोळी उंदरावरून सुचली असे मात्र कोणी समजू नये.

हे सर्व आपल्या खेड्यात काय कामाचे? एवढेच, की विंचू लागल्यावर दुखणे किती आहे हे विचारून थांबू नये. ओकारी झाली काय, घाम दरदरतो काय, लाळ सुटली काय, हातपाय गार आहेत काय, हे पाहावे. मुलग्यांत इंद्रिय ताठणे हेही एक लक्षण असते, ते डॉक्टरांस सांगण्यास संकोच करू नये. यांतील एकही खूण दिसली तर, किंबहुना लहान मूल असेल तर खुणेची वाटही न पाहता, १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. ज्यांस मंत्र घालावयाचा असेल त्यांनी तो गाडीत बसून घालावा; आमची काही हरकत नाही. सन १९९४ मध्ये दुसऱ्या एका गावी आमच्या वर्गातील एका मुलीस विंचू लागला तेव्हा आम्ही असेच केले. डॉक्टरांविषयीचा एक लेख तोपर्यंत आमच्या वाचनात आला होता. तिचा घाम पाहिला मात्र, भाड्याची जीप केली. मंत्र घालणारे बुवाही सोबत आले, सारी वाट पुटपुटत होते. मुलगी वाचली. श्रेय त्यांनी घेतले, जीपचे भाडे आम्ही दिले.

आता थांबावयास हवे, पुढे गुणगौरवाचा कार्यक्रम आहे. एक राहिले आहे ते सांगतो.

सहा वर्षांपूर्वी त्या पहिल्या गावी एका लग्नास जाण्याचा योग आला. त्या मुलाची आई अजून होती. खूप थकलेली, दृष्टी अधू, पण आमचा आवाज तिने ओळखला. मांडवाच्या कडेस आम्ही तिच्याजवळ बसलो. इतक्या वर्षांत आम्ही तिची क्षमा मागितलेली नव्हती. ती मागावी म्हणून शब्द जुळवीत होतो. आम्ही म्हणालो, "त्या रात्री गाडी जुंपू द्यावयास हवी होती. चुकलो आम्ही." तिने ते ऐकले की नाही, कळले नाही. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारते. शेवटी त्याला लई दुखलं असंल का हो?"

सोडियमचे दार, हृदय, फुप्फुसातील पाणी, सारे आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आम्ही म्हणालो, "नाही बाई, दुखणे थांबले होते." तेवढे खरे होते. श्वासाचे आम्ही काही बोललो नाही. तिने मान हलविली आणि जेवून जाण्याचा आग्रह केला.